कुणाचं भटकणं, कुणाची भटकंती

संध्याकाळी सहाच्या सुमाराचा, तालुक्याच्या गावातला एसटी स्टँडपासून नदीच्या पुलापर्यंतचा रस्ता घ्या. निवृत्त मामलेदार त्या रस्त्यानं जातात तो फेरफटका असतो. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितलेल्या बाई जातात त्या ‘वॉक’ला. बारावीत गचकलेला मुलगा तिकडे दिसला की तो उंडारायला गेलेला असतो, आणि वडील तापट असतील तर उकिरडे फुंकायला. अर्जांची पिशवी घेऊन दुकानोदुकानी विचारत जाणाऱ्याची ती वणवण. पुढारी चार माणसं मागे घेऊन निघाला की दौरा. पुलाखाली पाल टाकून राहिलेला घिसाडी मात्र भटकतो, आणि त्याच्यामागून येणारी, मालकानं सोडून दिलेली गाय मोकाट असते. अंतर सगळ्यांचं तेवढंच, धूळही तीच.

चालण्याला मराठीत शब्द पुष्कळ आहेत, पण त्यातले बरेचसे चालण्याबद्दल काही सांगतच नाहीत. सांगतात ते चालणाऱ्याबद्दल. तो कोण, त्याला घर आहे का, घरी भाकरी आहे का, आणि मुख्य म्हणजे बोलणाऱ्याला तो आवडतो का. बिनकामाचं, बिनठिकाणाचं फिरणं तर जवळजवळ कधीच नुसतं सांगितलं जात नाही. ते सांगताना निकालही दिला जातो.

तरीही बारकावे आहेत, आणि ते पाळले जातात. भटकणाऱ्याला ठिकाण नसतं. भरकटणाऱ्याला ठिकाण असतं, पण वाट सुटलेली असते. म्हणून होडी भरकटते, भाषण भरकटतं, चर्चा तर हमखास भरकटते. त्यांना आपण ‘भटकली’ म्हणत नाही. घुटमळणारा एकाच जागेभोवती फिरतो आणि त्याच्या मनात काहीतरी असतं. रेंगाळणाऱ्याला फिरायचंही नसतं, फक्त निघायचं नसतं. वर्तमानपत्रातली बातमी कुत्र्यांना भटकी म्हणते आणि जनावरांना मोकाट, तेही उगाच नाही. भटक्याला मालक नसतो. मोकाटाला असतो, पण त्यानं दावं सोडलेलं असतं. ‘पोरगं मोकाट सुटलंय’ म्हणताना दोष पोरापेक्षा आईबापांना दिलेला असतो, हे ऐकणाऱ्यांना बरोबर कळतं. वाईट न म्हणता म्हणायचं असेल तर ‘त्याच्या पायाला भिंगरी आहे’ असं म्हणतात. भिंगरी पायाला लागलेली असते, त्यामुळे माणसाचा दोष उरत नाही. कमावत्या माणसाला ही सवलत सहज मिळते. बेकाराच्या पायाला भिंगरी लागल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

हे शब्द आले कुठून, ते पाहण्यासारखं आहे. हिंडणं संस्कृतातल्या ‘हिण्ड्’ धातूपासून प्राकृतातून जवळजवळ तसंच्या तसं आलं. दोन हजार वर्षांत त्याचा अर्थही फारसा हलला नाही. ‘अट्’ या धातूनं मात्र प्रतिष्ठा कमावली. पर्यटन, देशाटन, तीर्थाटन, भिक्षाटन ही सगळी त्याची मुलं. चातुर्य कशानं येतं ते सांगणारी जी आर्या शाळेत घोकून घेतात, तिच्यात देशाटनाचा नंबर पहिला आहे. आणि ‘भ्रम्’ धातूचं घराणं तर फारच बोलकं. भ्रमण, भ्रमंती आणि परिभ्रमण एकीकडे. भ्रम, भ्रमिष्ट आणि संभ्रम दुसरीकडे. त्याच मुळापासून आपला भोवरा आणि भोवळ. कोकणीत साधं फिरायला जाणं म्हणजे ‘भोंवप’. पाय फिरणं आणि डोकं फिरणं यांना आपल्या पूर्वजांनी एकाच धातूत बसवलं. घरच्या लोकांचं मत आजही तसंच असतं.

याहून मोठा पुरावा एका अगदी सभ्य शब्दात दडलेला आहे. बौधायनाच्या धर्मसूत्रात गृहस्थांचे प्रकार सांगितले आहेत: शालीन, यायावर आणि चक्रचर. शालीन म्हणजे ‘शाले’त, म्हणजे पक्क्या घरात राहणारा. यायावर म्हणजे पुन्हा पुन्हा जात राहणारा. तिघेही गृहस्थच, तिघांनाही धर्म सांगितलेला, कुणाची नालस्ती नाही. पुढे काय झालं ते आपल्या रोजच्या मराठीत दिसतं. घरात राहणाऱ्याचं नाव विनयाचं, मर्यादेचं विशेषण झालं. पाणिनीच्या काळापर्यंतच शालीन म्हणजे ‘धीट नसलेला’ हा अर्थ रुळला होता. यायावर मागे पडला. तरी एका मोठ्या माणसानं तो नावासारखा मिरवला. कनौजच्या प्रतीहारांच्या दरबारातला दहाव्या शतकातला राजशेखर ‘काव्यमीमांसे’त आपलं मत सांगताना स्वतःला ‘यायावरीय’ म्हणवतो, कारण त्याचं कुळ यायावरांचं. त्याचा पणजा अकालजलद हा महाराष्ट्राचा मानला जातो. घराणं भटकं होतं हे सांगण्यात राजदरबारच्या कवीला कमीपणा वाटत नव्हता, एवढं यावरून नक्की म्हणता येतं.

‘विहार’ शब्दाचीही अशीच उलथापालथ झाली. विहार म्हणजे मुळात मोकळं फिरणं. बुद्धाचे भिक्षू आणि महावीराचे श्रमण पावसाळा सोडून वर्षभर फिरत. पावसाळ्यात वाटा बुजतात आणि पायाखाली जीव चिरडतात, म्हणून तेवढा काळ एका जागी थांबत. थांबायला जागा लागली, जागेला छप्पर लागलं, छपराला दान मिळालं, आणि बौद्धांच्या बाबतीत फिरण्याचा शब्दच राहण्याच्या जागेला चिकटला. आपल्या सह्याद्रीत कोरलेली विहारलेणी ही त्या अर्थानं दगडात थिजलेली चाल आहे. जैनांनी जुना अर्थ सोडला नाही. मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेनं पहाटे अनवाणी चाललेले मुनी किंवा साध्वी दिसतात, तेव्हा त्यांचे श्रावक ‘महाराजांचा विहार चालू आहे’ असंच म्हणतात.

बिनठिकाणी फिरणं हाच ज्यांनी धर्म केला असे लोक मात्र आपल्याच मातीत, आपल्याच भाषेत होऊन गेले. तेराव्या शतकातल्या, महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’त गोळा केल्या. त्यातला ‘एकांक’ हा भाग स्वामी एकटे फिरत होते तेव्हाचा आहे. कधी साळबर्डीचा डोंगर, कधी शिकाऱ्यांपासून पळालेला ससा येऊन मांडीखाली लपतो ते झाडाखालचं बसणं. पुढे शिष्य जमल्यावरही स्वामी रोज विहरणाला जातात: गावाबाहेरच्या देवळात, मळ्यात, ओढ्याकाठी. संन्याशानं कसं राहावं याबद्दल त्यांनी घालून दिलेला आचार वाचला की आजच्या पर्यटन कंपन्या दिवाळ्यात निघतील. ओळखीच्या ठिकाणी जायचं नाही. जिथं मान मिळेल तिथं तर मुळीच नाही. माहूर आणि कोल्हापूरही वर्ज्य. कानडी आणि तेलंगी मुलुखात जायचं नाही, राहायचं महाराष्ट्रात, पण तेही देशाच्या टोकाला, झाडाखाली. अटन करायचं, पण कुठं पोचायचं म्हणून नाही. एखादं गाव आवडायला लागलं, तिथली माणसं ओळखायला लागली, की उठायचं. हेतू ठेवला की आसक्ती आली, असा हा हिशेब. म्हणजे ज्याला आपण ‘दिशाहीन’ म्हणून हिणवतो, तेच त्यांनी मुद्दाम साधायला सांगितलं. माझ्या वाचनात तरी बिनहेतूच्या चालण्याची याहून कडक शिस्त आलेली नाही.

रामदासांचं याच्या नेमकं उलट. तेही एका जागी राहू नका म्हणतात. परंपरेनुसार त्यांनी स्वतः बारा वर्षं देश पालथा घातला. पण ‘दासबोधा’त ते भिक्षेबद्दल काय सांगतात ते वाचा. झोळी हे निमित्त आहे. लहान गाव, मोठं नगर, घरं अन् घरं पाहायची. माणसं पारखायची आणि पुढं जायचं. बाहेरून पाहणाऱ्याला गोसावी दारोदार फिरताना दिसतो, आत मात्र माणसांची नोंद चालू असते. महानुभाव साधू आणि रामदासी एकाच गल्लीतून झोळी घेऊन गेले असते, तर घरातल्या बाईला दोघांत फरक दिसला नसता. दोघांच्याही झोळीत तिनं मूठभर पीठ टाकलं असतं.

पीठ टाकणाऱ्या या समाजाच्या डोक्यावर १८७१ साली एक नवं सरकारी कायदेपुस्तक आलं. त्या एका वर्षात हिंदुस्थान सरकारनं दोन कायदे केले. एक मोकाट गुरांचा: दुसऱ्याच्या शेतात शिरलेलं जनावर धरून कोंडवाड्यात घालायचं आणि दंड भरला तरच सोडायचं. गावोगावचे कोंडवाडे त्या कायद्याखाली चालले. दुसरा माणसांचा, गुन्हेगार जमातींचा कायदा. एखादी जमातच्या जमात जन्मजात गुन्हेगार म्हणून नोंदवायची, त्यांची हजेरी घ्यायची, हद्दीबाहेर जायचं तर परवाना. आधी उत्तरेत लागू झालेला हा कायदा पुढं देशभर पसरला. सरकारला महसूल हवा होता, महसुलाला जमीन हवी आणि जमिनीला पत्ता असलेला माणूस. ज्याला पत्ता नाही तो संशयित, असं गणित सरळ मांडलं गेलं. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड अशी मोठी वसाहत होती. तार गेली, पण सेटलमेंट हे नाव शहरात अजून आहे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. विमुक्त म्हणजे सुटलेले. नाव देतानाही कोठडी आठवणीत ठेवली.

आज महाराष्ट्रात ‘भटके’ हा कायद्याचा शब्द आहे. विमुक्त जातींना ३ टक्के, भटक्या जमातींच्या ‘ब’ गटाला २.५, धनगरांच्या ‘क’ गटाला ३.५ आणि वंजारींच्या ‘ड’ गटाला २ टक्के आरक्षण आहे. दाखला काढायला गेलं की कचेरीत २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. म्हणजे आपण भटके आहोत हे सिद्ध करायला आपले आजोबा त्या तारखेआधी एका जागी राहत होते, याचा कागद लागतो. ज्यांचा बाप पालात जन्मला आणि आजा वाटेत गेला, त्यांनी तो आणायचा कुठून? या समाजांतल्या लेखकांची आत्मकथनं पुढं आली: लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली. दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाले. कचेरीच्या पायऱ्यांवर काय होतं, ते वाचकांना तोवर फारसं माहीत नव्हतं.

यातली खरी गंमत अशी, की ज्यांना सरकारनं, समाजानं आणि शब्दकोशानं भटके ठरवलं, ते बिनठिकाणी कधी फिरलेच नाहीत. माण, खटाव, सांगोल्याकडचा धनगर दिवाळीनंतर मेंढरं, घोडी, कोंबड्या आणि पोरंबाळं घेऊन घाट उतरतो, तेव्हा कोकणातली भातं कापून झालेली असतात. कुणाच्या शेतात किती रात्री मेंढरं बसवायची हे अनेकदा आधीच ठरलेलं असतं. मेंढरांचं मूत आणि लेंड्या हेच खत, आणि त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळतात. पावसाच्या तोंडावर, ओल्या जमिनीत मेंढरांचे खूर कुजायच्या आत, वाडा, म्हणजे हा सगळा तांडा, घाट चढून परतीला लागलेला असतो. रेल्वेच्या वेळापत्रकापेक्षा हे वेळापत्रक जास्त पाळलं जातं.

शिकार करणाऱ्यांचंही तसंच. पश्चिम महाराष्ट्रातल्या फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले या तीन समाजांचा माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी अभ्यास केला, तेव्हा एकाच मुलुखात फिरूनही ते एकमेकांच्या वाटेला फारसे जात नाहीत, असं आढळलं. फासेपारध्यांचे फासे हरणांना आणि पाखरांना. वैदूंचा भर ओढ्यानाल्यांतल्या मासे-कासवांवर. नंदीवाल्यांची कुत्री घोरपड आणि साळिंदराच्या मागे. गावंही कुटुंबाकुटुंबात वाटलेली. वासुदेवाची गावं, गोंधळ्याची घरं हीसुद्धा वारसाहक्कानं आलेली, भावाभावांत वाटून घेतलेली असत. आणि सगळ्यांची गाठभेट ठरलेल्या जागी, ठरलेल्या तिथीला. पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो, तिथं कैकाडी, वैदू, बेलदार येतात. होळीपासून पाडव्यापर्यंत पाथर्डी तालुक्यातल्या मढीला कानिफनाथाची यात्रा असते, तिला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात. सोयरिकी तिथंच जुळत, भांडणं तिथंच पंचांपुढं येत आणि उधारीही तिथंच फिटत. पंचांच्या निवाड्यांनी कित्येकांचे, विशेषतः बायकांचे हाल केले हेही खरं, आणि ते झाकायचं कारण नाही. पण याला दिशाहीन म्हणणं म्हणजे ज्याचा नकाशा आपल्याला वाचता येत नाही त्याला नकाशाच नाही असं म्हणणं.

बिनकामाचं, कशासाठीही नसलेलं फिरणं खरं सुरू झालं ते पत्ता, पगार आणि शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या लोकांत. मुंबई-पुण्याच्या तरुणांनी पाठपिशव्या अडकवून सह्याद्री धरला आणि स्वतःला ‘भटके’ म्हणायला सुरुवात केली. गो. नी. दांडेकर कुमारवयातच घर सोडून निघालेले, गाडगेबाबांबरोबर चाललेले, म्हणजे खरे फिरस्ते. पण त्यांनी आपल्या पुस्तकांना नावं दिली ती ‘दुर्गभ्रमणगाथा’, ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ अशी, भारदस्त, संस्कृत. भटकणं हा शब्द त्यांच्या पिढीला अजून चांगल्या घरात आणण्यासारखा वाटत नसावा, असा माझा अंदाज. पुढच्या पिढीला ती अडचण राहिली नाही. मिलिंद गुणाजींच्या पुस्तकाचं नावच ‘भटकंती’, आणि दुसऱ्याचं ‘माझी मुलुखगिरी’. हा दुसरा शब्द तर आणखी मजेदार. दसऱ्याला सीमोल्लंघन करून दुसऱ्याच्या प्रदेशात शिरायचं आणि चौथ, खंडणी वसूल करूनच परतायचं, ही मराठ्यांची मुलुखगिरी. आता मुलुखगिरीवर गेलेला माणूस स्वतःच पैसे देऊन येतो: राहायचे, जेवायचे, गाडी लावायचे.

भटकंती या रूपात ‘भटकणं’ असं उजळून निघालं, म्हणून जुना डाग पुसला गेला असं मात्र नाही. मुंबई राज्यानं १९५९ साली केलेला भीक प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. भीक मागणं म्हणजे काय, याच्या व्याख्येत हात पसरणं आहे, गाणं-नाचणं, भविष्य सांगणं आहे, आणि असंही आहे की उपजीविकेचं दिसण्यासारखं साधन नसताना, हा मागूनच पोट भरत असावा असं वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी फिरणं किंवा थांबणं. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात. दिल्लीपुरत्या या कायद्याच्या मुख्य तरतुदी तिथल्या उच्च न्यायालयानं २०१८ साली रद्द केल्या. व्याख्येतला ‘दिसण्यासारखं’ हा शब्द पुन्हा वाचा. साधन असून चालत नाही, ते दिसावं लागतं. स्वच्छ बूट, पाण्याची बाटली आणि मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ असलं की तोच माणूस तासभर त्याच पदपथावर फिरला तरी कुणी विचारत नाही. एरवी न विचारल्या जाणाऱ्या या वर्गाला या विचारण्याची चव एकदाच कळली, ती २०२० च्या टाळेबंदीत. ‘विनाकारण फिरणाऱ्यांवर कारवाई’ हे शब्द रोज छापून येत होते, आणि चांगले चांगले लोक भर चौकात उठाबशा काढताना दिसले. हातात औषधाची चिठ्ठी किंवा भाजीची पिशवी असली की सुटका. कारण कुठलंही चालत होतं, विनाकारण तेवढं चालत नव्हतं.

निम्म्या लोकसंख्येला ही पिशवी नवी नव्हती. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं ‘व्हाय लॉयटर?’ हे मुंबईतल्या बायका आणि रस्ते यांवरचं पुस्तक २०११ साली आलं. त्यांचं निरीक्षण साधं आहे: बाईला सार्वजनिक जागी थांबायचं किंवा फिरायचं असेल तर आपण कामानं आलोय हे सतत दाखवत राहावं लागतं. हातात पिशवी, कडेवर मूल, कानाला फोन, नजर बस येण्याच्या दिशेला. नाक्यावर नुसती चहा पीत उभी राहिलेली पुरुषांची टोळकी कुणाच्या डोळ्यात भरत नाहीत. त्यांच्या जागी चार बायका उभ्या करून पाहा.

शब्दांकडे पाहिलं तरी हेच. गावभर फिरणाऱ्या बाईला ‘गावभवानी’ म्हणतात. पुरुषासाठी या तोलाचा शब्द शोधून पाहा. उनाड, उडाणटप्पू, भटक्या हे सगळे सापडतील, पण त्यांच्यात लाडाचाही अंश असतो. ‘लहानपणी फार उनाड होता’ हे वाक्य यशस्वी माणसाच्या सत्कारात हमखास येतं. सत्काराला बसलेल्या बाईबद्दल कुणी ‘पूर्वी फार उंडारायची’ म्हणून कौतुक करत नाही. तिच्यासाठी शालीन हा शब्द राखून ठेवलेला असतो, बौधायनाच्या वेळेपासून पक्क्या घरात राहणारा. हिंडणं हे बाईचं कौतुक व्हायला पंच्याहत्तरी उलटावी लागते. मग मात्र सगळे म्हणतात, ‘आजी अजून हिंडत्याफिरत्या आहेत हो!’ आणि रस्त्यात थांबवून त्यांना ‘कुठं निघालात?’ असं कुणी विचारलं, तर आजी सवयीनं ‘देवळात’ म्हणतात, देऊळ मागं राहिलेलं असलं तरी.